शंभरातले तीस

"ज्याच्या हातात बटण, त्याच्यावर संशय घ्यायचा. मग तो सख्खा भाऊ का असेना."

थोरला हे एकदाच बोलला होता. धाकट्याच्या नोकरीचा तो पहिला दिवस. दोघं एका दवाखान्यातल्या लिफ्टखालच्या खड्ड्यात उभे होते. तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास, आणि डोक्यावर दोरांना लटकलेली रिकामी केबिन. धाकट्यानं मान वर करून विचारलं, "ही खाली आली तर?" थोरला म्हणाला, "आपण होऊन येत नाही. कुणीतरी आणतं." आणि मग ते वाक्य. पुढं त्यानं ते कधी उच्चारलं नाही. पण काही वाक्यं कानात शिरतात आणि तिथंच बिऱ्हाड थाटतात. धाकट्याच्या कानात ते वाक्य राहायला आलं ते गेलंच नाही.

ते भाऊ नव्हते. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत जोडीनं काम करायचे, आणि वर्षानुवर्षं एका डब्यातलं खात, एका दोरावर जीव टांगत आले होते, म्हणून लोकांनीच त्यांची नावं थोरला आणि धाकटा अशी पाडली होती. थोरल्याची बायको लवकर गेली, मूल नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो धाकट्याच्या घरी जेवायला यायचा. धाकट्याची बायको त्याला भाऊजी म्हणायची, आणि धाकटा दादा.

थोरला संशयी होता यात वाद नाही. खुर्चीवर बसण्याआधी तिची पाठ धरून हिसडा द्यायचा. जिना चढताना कठडा हलवून बघायचा. चहाच्या टपरीवर बाक डुगडुगवायचा, तेव्हा चहावाला ओरडायचा, "अहो, बाक आहे तो, दात नव्हे हलवून बघायला!" जन्मभर लिफ्ट जोडल्या, पण स्वतः जिन्यानं जायचा. कुणी चिडवलंच तर म्हणायचा, "आचाऱ्याला कधी भूक लागलेली पाहिलीस?" मात्र एकदा हिसडा देऊन झाला, की त्या खुर्चीवर तो आईच्या मांडीवर बसल्यासारखा बसायचा. ती खुर्ची परत कधी तपासायचा नाही. धाकट्याच्या घरातली लाकडी खुर्ची त्यानं पहिल्या जेवणाला हलवून बघितली होती. त्यानंतर कधीच नाही.

कामाची रीत अशी होती. थोरला केबिनच्या डोक्यावर उभा, हातात बटणांची डबी. धाकटा तळाच्या खड्ड्यात, हातात टॉर्च. वरच्यानं "खाली" म्हणायचं. खालच्यानं "खाली" म्हणायचं. आपला शब्द परत कानावर आल्याशिवाय वरच्यानं बोट हलवायचं नाही. आणि दोर बदलायचा असला, मोटर उघडायची असली, तर वरच्या खोलीतला मेन स्विच पाडून त्याच्या पट्टीला दोघांनी आपापलं कुलूप ठोकायचं. दोन माणसं, दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्याचं कुलूप काढणं म्हणजे त्याच्या मानेला हात घालणं.

प्रत्येक कुलपाबरोबर दोन किल्ल्या यायच्या. दुसरी ऑफिसात जमा करायची असा नियम. पण एकदा थोरल्याची किल्ली खिशातून निसटून फटीतून खाली गेली, ती कुठं गेली ते आजतागायत कुणाला कळलं नाही. कुलूप कापावं लागलं, सगळी इमारत अर्धा दिवस जिने चढत बसली, आणि साहेबानं दोघांची यथेच्छ हजामत केली. त्या संध्याकाळी थोरल्यानं आपल्या नव्या कुलपाची दुसरी किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली.

"ऑफिसात नको द्यायला?"

"ऑफिस कुठं माझ्याबरोबर येतं?"

मग धाकट्यानंही आपली दिली. थोरल्यानं ती जुडग्यात अडकवली. "तसाही तुझा जीव माझ्या बोटाखालीच असतो," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा वरचा ओठ एका बाजूनंच उचलला जायचा. त्यामुळं तो हसतोय की काही लपवतोय हे नवख्याला कळत नसे.

मग कंपनीनं त्यांना परदेशी धाडलं. एका हॉटेलात लिफ्ट बसवायच्या होत्या. तळमजल्यावर कॅसिनो होता, म्हणजे जुगाराचं भलंमोठं दालन. खिडकी नाही, घड्याळ नाही, आणि गालिचावर इतकी वेडीवाकडी वेलबुट्टी की खाली बघून चालणाऱ्याला भोवळ यावी. कामाच्या दिवसांत ते त्याच्या दारातून नुसते आत बघायचे. निघायच्या दिवशी सकाळी, सामान बांधून झाल्यावर, धाकटा म्हणाला, "एवढ्या लांब आलो आणि तोंड बघून परत जायचं?" दोघांनी खिशात उरलेली तिकडची चिल्लर आणि नोटा एकत्र केल्या. निम्मे याचे, निम्मे त्याचे. येईल ते निम्मं निम्मं.

दालनात सफाईवाले यंत्रानं गालिचा झाडत होते. बटण दाबून खेळायच्या जुगाराच्या मशीनांपुढं दोनच माणसं, त्यांतली एक म्हातारी पेंगत होती. धाकट्याचा हात लागला की पैसे जायचे. "माझ्या हाताला यश नाही, तू दाब," तो म्हणाला आणि विमानतळाची गाडी कधी निघते ते विचारायला बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यांच्या मशीनच्या डोक्यावरचा दिवा गरगर फिरत होता, काचेवर एक आकडा उभा होता, आणि थोरला जागेवर नव्हता. पेंगणारी म्हातारी आता टक्क जागी होती. तिनं बोटानं एका दाराकडं खूण केली.

दार काचेचं होतं, पण काच दुधी. आत तीन आकृत्या दिसत होत्या, दोन कोटवाल्या आणि एक थोरल्याची. धाकटा बाहेर उभा राहिला. त्यानं मशीनच्या काचेवरचा आकडा मनात घट्ट धरून ठेवला होता, भांड्यातलं पाणी सांडू नये तसा. आतली एक आकृती हात वर करून काहीतरी विचारत होती. थोरल्याची आकृती मान हलवत होती. मग वाकून त्यानं काहीतरी लिहिलं.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात नोटा होत्या आणि एक कागद. नोटा काचेवरच्या आकड्याइतक्या नव्हत्या.

"कर कापला त्यांनी. बाहेरच्या माणसाचा कापतात म्हणे. शंभरातले तीस."

"तिथल्या तिथं?"

"तिथल्या तिथं."

खोलीवर जाऊन पलंगावर वाटणी झाली. निम्मं निम्मं. धाकटा "बरं" म्हणाला. तेव्हा त्याला खरोखर बरं वाटलं होतं. एवढे पैसे त्यानं कधी एकत्र पाहिले नव्हते.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती पोटभर हसली. "जुगारावर कर? आणि वर पावती? चोर घर फोडून सही करून गेल्यासारखं झालं हो हे!" एवढं बोलून ती भांडी विसळायला गेली आणि विसरूनही गेली. धाकटा विसरला नाही. रात्रभर काही वाटलं नाही, पण सकाळी दाढी करताना, आरशात गाल फुगवलेला असताना, त्याच्या मनात पाल चुकचुकली. काचेमागं आपण नव्हतो. कापले हे दादा सांगतो. कागद दादाकडं. आणि बटणही दादाच्याच हातात होतं.

ते जुनं वाक्य कानात कूस बदलून बसलं.

त्यानं सरळ विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा गोल गोल बोलत राहिला. "दादा, ते तीस म्हणजे कायमचेच गेले का रे?" असं दर दोन दिवसांनी. थोरल्यानं एकदा कानाडोळा केला, दुसऱ्यांदा खांदे उडवले, आणि तिसऱ्यांदा पाना खाली ठेवून धाकट्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. धाकट्यानं पान्याकडं बघितलं.

"परत मिळतात असं ऐकलंय," थोरला म्हणाला. "आणतो मी."

परदेशात कापलेला कर परत मिळवून देणारी एक बाई होती. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस. खालून वाफ यायची आणि भिंतीचा रंग फुगून फोड आल्यासारखा दिसायचा. धाकटा आपण होऊन बरोबर गेला. थोरल्यानं खुर्ची हलवून बघितली. बाईनं चष्म्यावरून पाहिलं.

"बसा काका. माझ्याकडं आलेला अजून कुणी पडलेला नाही."

"पडला असता तर तुम्ही थोडंच सांगितलं असतं?" थोरला म्हणाला. बाई हसली. तिनं सगळं नीट समजावलं. तो देश बाहेरच्यांकडून आधीच कापून घेतो. पण दोन देशांमधे करार आहे, तेव्हा इथं राहणाऱ्या, इथं कर भरणाऱ्या माणसाला ते पैसे मागता येतात. मागावे लागतात, आपण होऊन कुणी आणून देत नाही. तिकडचा कराचा एक नंबर काढावा लागेल, पासपोर्टची साक्षांकित प्रत लागेल, आणि तो मूळ कागद. झेरॉक्स चालत नाही. महिने लागतील. पैसे आले तर त्यातला वाटा तिचा, नाही आले तर काही नाही.

"मूळ कागद तुमच्याकडं राहणार?" थोरल्यानं विचारलं.

"तुमच्याकडं राहिला तर त्यांना कसा दिसेल? दुर्बिणीतून?"

त्यानं बाईकडून कागद मिळाल्याचं लिहून घेतलं, ते दोनदा वाचलं, आणि मग कागद दिला. दिल्यावर मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला. बाईनं कागद उजेडाकडं धरला. "एकच नाव आहे."

"पैसे दोघांचे होते," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला.

"मशीनला दोघे कळत नाहीत हो. बटण दाबणारा एकच असतो. पण ते लोक विचारतात, भागीदार आहे का म्हणून. सांगितलं असतं तर दोन नावांचे दोन कागद झाले असते." तिनं थोरल्याकडं पाहिलं. "विचारलं नाही तुम्हाला?"

"विचारलं. एक बोट दाखवलं, दोन बोटं दाखवली. मी एक दाखवलं."

"का?"

थोरल्याला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "आमच्यात चाचणीच्या कागदावर एकाचीच सही असते. बटण ज्याच्या हातात होतं त्याची. उद्या काही पडलं तर तुरुंगात त्यानंच जायचं." मग जरा थांबून म्हणाला, "कोटवाले लोक. ह्याला कशाला आत ओढायचं?"

धाकट्याला ही रीत ठाऊक होती. त्यांनी बसवलेल्या एकूण एक लिफ्टच्या कागदावर थोरल्याची एकट्याची सही होती, आणि त्यामुळंच धाकट्याला आजवर शांत झोप लागत आली होती. पण संशय म्हणजे काविळीचा डोळा. काचेमागची ती आकृती त्याला आठवली, वर केलेला हात आणि थोरल्याची हलणारी मान. दोन बोटं दाखवली होती. ह्यानं एक दाखवलं. म्हणजे पैसे परत आले तरी ह्याच्याच नावावर येणार, आणि किती आले ते पुन्हा हाच सांगणार. ती बाई याची आधीची ओळखीची तर नसेल? "बसा काका" म्हणाली ती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

जिना उतरताना त्यानं विचारलं, "दादा, या बाईचा पत्ता तुला कुणी दिला?"

"इस्त्रीवाल्यानं. त्याच्या दुकानाची माल चढवायची लिफ्ट आपणच बसवली की."

खरंच बसवली होती. तरीही कुठंतरी पाणी मुरतंय असं धाकट्याला वाटत राहिलं.

महिने गेले. बाईकडून दर वेळी एकच उत्तर, अजून नाही. थोरला ते उत्तर आहे तसं आणून धाकट्याला सांगायचा, आणि धाकटा ते उत्तर आंब्यासारखं दाबून बघायचा. हळूहळू त्याला खड्ड्यात उतरायला नको वाटू लागलं. पूर्वी वरून "खाली" आलं की त्याच्या तोंडून आपसूक "खाली" निघायचं, शिंकेसारखं. आता तो आधी मान वर करून बघायचा. केबिनच्या कडेनं थोरल्याचा एक बूट दिसायचा. वरून पुन्हा आवाज यायचा, "खाली." धाकटा टॉर्च बंद करायचा, चालू करायचा. मग म्हणायचा. वर थोरला तेवढा वेळ थांबलेला असायचा. कधी चिडला नाही. "झोपलास का रे?" एवढं एकदा म्हणाला.

झोप तर उडालीच होती. धाकट्याला वाटायचं, मी संशय घेतोय हे त्याला कळलंय. कळलं असेल तर त्याला आता माझी अडचण आहे. आणि माझ्या कुलपाची किल्ली त्याच्या जुडग्यात आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजणं यालाच म्हणतात हे त्यालाही समजत होतं. पण समजून काही उपयोग होत नव्हता.

एका दुपारी जेवायच्या सुट्टीत तो हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि एक पितळी कुलूप घेऊन आला. दोन्ही किल्ल्या स्वतःकडं ठेवल्या. एक गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी घरी साखरेच्या डब्यात. बायकोला चहा करताना ती सापडली.

"आता साखरेलाही कुलूप लावणार की काय?"

"असू दे. कामाची आहे."

"भाऊजींकडं असते ना तुमची?"

धाकटा अंघोळीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एका बँकेच्या इमारतीत दोर बदलायचे होते. वरच्या खोलीत मेन स्विच पाडून थोरल्यानं आपलं कुलूप लावलं, काळपट, कोपऱ्यांत झिजलेलं. धाकट्यानं शेजारी आपलं लावलं. नव्या पितळेवर खिडकीतलं ऊन पडलं. थोरल्यानं वाकून ते कुलूप बघितलं, बोट न लावता.

"नवीन?"

"जुनं अडकत होतं."

"हं."

तो एवढंच बोलला. त्यानं दुसरी किल्ली मागितली नाही, आणि जुनीही परत केली नाही. दिवसभर काम नेहमीसारखं झालं. फक्त संध्याकाळी चहाच्या टपरीवर, ज्या बाकावर ते दोघं रोज बसायचे तो बाक थोरल्यानं बसण्याआधी हलवून बघितला. चहावाल्याला वाटलं, नेहमीचं आहे. धाकट्यानं पेला खाली ठेवला.

आणि मग पैसे आले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी थोरला धाकट्याच्या घरी आला. जिन्यानं आला होता, चौथ्या मजल्यावर, त्यामुळं छाती भरून आली होती. दारात चपला काढल्या. आतून धाकट्याची बायको म्हणाली, "भाऊजी, थांबा हं, चहा टाकते. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात." थोरला खुर्चीजवळ गेला. तीच लाकडी खुर्ची. त्यानं तिची पाठ धरून हिसडा दिला आणि मग बसला.

खिशातून पाकीट काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "तुझे."

धाकट्यानं नोटा मोजल्या. मग परत मोजल्या. काचेवरचा तो आकडा त्यानं इतके दिवस जपून ठेवला होता. त्याच्या शंभरातले तीस किती, त्याचे निम्मे किती, त्यातून बाईचा वाटा जाऊन हातात काय पडेल, हे त्यानं खड्ड्यात उभं राहून, बसच्या रांगेत, अंथरुणावर पडल्या पडल्या कितीदा तरी मांडलं होतं. कमी येतील याची त्यानं तयारी केली होती. कमी आले की काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

नोटा कमी नव्हत्या. तिसाचे बरोबर निम्मे होते. एकही नोट इकडं तिकडं नाही.

क्षणभर त्याला मोकळं वाटलं. म्हणजे खरंच कापले होते. खरंच परत आले. खड्ड्यातून वर यावं आणि उजेड डोळ्यांत शिरावा तसं झालं. थोरला समोर बसला होता, मांडीवर हात ठेवून. त्याच्या नखांत ग्रीस होतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. इथं धाकट्यानं गप्प बसायचं होतं. फार तर एक शिवी हासडायची, चहा प्यायचा, आणि साखरेच्या डब्यातली किल्ली आणून त्याच्या हातावर ठेवायची. एवढंच करायचं होतं.

पण आतली संशयाची गिरणी थांबली नाही.

"बाईनं तिचा वाटा घेतला नाही?"

"घेतला."

"सगळा?"

"ठरला होता तेवढा."

"मग हे पुरे कसे?"

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, त्या थांबल्या.

"नाही, म्हणजे मी हिशोबाचं बोलतोय," धाकटा म्हणाला. त्याला आपली जीभ आवरता येत नव्हती, उतारावर सुटलेल्या गाडीसारखी ती चालली होती. "बाईचा वाटा गेला, तर मला एवढे येत नाहीत. एवढे येतात म्हणजे मुळात जास्त आले असणार. तुला किती आले, दादा?"

बायको दारात आली. "अहो, काय विचारताय तुम्ही? स्वतःच्या खिशातून भरले असतील त्यांनी!"

"तू थांब. असं पदरचं कोण घालतं?" तो थोरल्याकडं वळला. "पुरा आकडा सांग ना. तिकडून काही लिहून आलं असेल की."

थोरला त्याच्याकडं बघत होता. दोर तपासताना तो असं बघायचा. एका जागी अंगठा टेकवून, पेड न् पेड डोळ्याखालून घालत, कुठली तार तुटलीय ते शोधत. तुटलेली तार सापडली की तो कधी आरडाओरडा करत नसे. खडूनं खूण करून खाली उतरायचा, आणि तो दोर पुन्हा वापरायचा नाही.

त्यानं खिशातून जुडगा काढला. नखानं कडी फाकवली. एक किल्ली सरकवत सरकवत बाहेर काढली. वापरात नसल्यामुळं ती काळी पडली होती, पण तिच्यावर तेलाचा हात फिरलेला दिसत होता. ती त्यानं नोटांवर ठेवली.

"ही कसली हो किल्ली?" बायकोनं विचारलं.

धाकट्यानं ओळखली. ते कुलूप केव्हापासून त्याच्या अवजारांच्या पेटीत तळाशी पडून होतं, गंजत. त्यानं तोंड उघडलं. "दादा" एवढंच बाहेर आलं.

थोरला उठला. खुर्ची मुळात होती तिथं सरकवून ठेवली. दारात वाकून एकेक चप्पल पायात घातली, कठड्याला हात लावला, तो हलवून बघितला, आणि निघून गेला.